‘सर्वांत आधी गरिबाचे नाव खाते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुंबईची मतदार यादी सुधारण्यासाठी सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवून पाहाव्यात, असे मी मागच्या लेखात सुचवले होते. जन्म-मृत्यू नोंदणी, शिधापत्रिका, दहावीच्या परीक्षा मंडळाकडील जन्मतारखा आणि आधार अशी ती नोंदींची यादी होती. त्यावर आपण लिहिता की हा लेख कधी कोणाच्या दारात उभे न राहिलेल्या माणसाचा आहे. की ‘संगणकाने जुळवलेली यादी सर्वांत आधी गरिबाचे नाव खाते’. की तेलंगणात मतदारांची नावे गळाली ते मी सोयीस्करपणे विसरलो. की नमुना ६ब, म्हणजे यादीतल्या मतदाराने आपला आधार क्रमांक कळवण्याचा अर्ज, सक्तीचा नाही. आणि शेवटी, खासगीपणाचे काय? नावाच्या जागी आपण केवळ ‘एक जागरूक मतदार’ असे लिहिले आहे. माझे नाव लेखावर आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

नमुना ६ब विषयी आपले म्हणणे बरोबर आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या त्या अर्जात आधार क्रमांक द्यावाच लागतो असे मी लिहिले होते. वास्तविक २०२३ मध्ये निवडणूक आयोगानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितले की तो देणे बंधनकारक नाही. अर्जाची भाषा मात्र अशी होती की आधार आहे पण द्यायचा नाही, असे म्हणायला त्यात जागाच नव्हती, त्यामुळे माझ्यासारख्याचा समज तसा झाला. तरीही चूक माझी आहे.

आता ‘कधी कोणाच्या दारात उभे न राहिलेला माणूस’ या शब्दांविषयी. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो आणि नऊ वर्षे लालबाग-परळ भागात बीएलओचे, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम केले. शाळा सुटल्यावर, पावसाळ्यात, यादीचा भाग छत्रीखाली धरून मी चाळींचे जिने चढलो आहे. एका मजल्यावर वीस खोल्या, त्यांतल्या सात बंद, शेजारी सांगणार की ‘ते गावाला गेलेत’, आणि गावाला म्हणजे दोन महिन्यांसाठी की कायमचे, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसणार. अशा बंद दारासमोर उभे राहून मला ठरवावे लागे की कागदावर ‘स्थलांतरित’ लिहायचे की पुन्हा यायचे. माझ्याकडे तेव्हा एका साध्या यादीपलीकडे काहीही नव्हते. त्या कुटुंबाची शिधापत्रिका अजून त्याच पत्त्यावर चालू आहे की नाही, एवढे जरी मला कळले असते, तरी कितीतरी वेळा मी ‘स्थलांतरित’ लिहिले नसते. जुळणीची बाजू मी घेतो ती या जिन्यांवरून घेतो. आपण मात्र काहीही न विचारता मला कार्यालयातल्या खुर्चीत बसवून टाकलेत, आणि हे मला खरोखर लागले.

माझ्या आईचेही सांगतो. आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही तीन स्टेशने पलीकडे भाड्याने राहायला गेलो. पुढच्या निवडणुकीत आई, वय ७६, सकाळी सात वाजता जुन्या केंद्रावर गेली, कारण तिच्या हिशेबाने ती अजून त्या चाळीचीच होती. तिचे नाव नव्हते. वगळण्याआधी कोणी तिला विचारले नव्हते. कोणाच्या हातून ते झाले, हे मला आजही सांगायचे नाही. मुद्दा असा की ते संगणकाने केले नव्हते. पाडलेल्या इमारतीकडे बघून एका माणसाने हाताने केले होते. गरिबाचे नाव खायला संगणक लागतोच, असे मानणाऱ्याने मुंबईतली एखादी पाडलेली चाळ आणि तिची पुढच्या वर्षीची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

आपल्या त्या एका वाक्यावर मी इतका थांबतो आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते आपल्यापेक्षा मला अधिक ठाऊक आहे. नावे जुळवणे महाराष्ट्रात सोपे नाही. माहेरची ‘कुसुम’ सासरी ‘सुनंदा’ होते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, आणि तेच आडनाव इंग्रजीत एका कागदावर एका ‘ए’ने तर दुसऱ्यावर दोन ‘ए’ने लिहिलेले असते. जन्मतारखेचे तर विचारूच नका. आमच्या पिढीतल्या असंख्य माणसांची तारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. आणि ज्यांनी आधारसाठी केवळ वर्ष सांगितले, त्यांची १ जानेवारी झाली. अशा नोंदींवर नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असे यंत्राला सांगितले, तर ते एकाच वॉर्डातल्या दोन सुनीता पाटलांपैकी एकीला पुसून टाकील.

हे अमेरिकेत झालेले आहे. कॅन्सस राज्याने २००५ मध्ये सुरू केलेल्या क्रॉसचेक या योजनेत अनेक राज्यांच्या याद्या नाव आणि जन्मतारीख यांवर जुळवल्या जात. आयोवातील याद्यांवर संशोधकांनी हिशेब केला तेव्हा दिसले की त्या योजनेने सुचवलेली एक पद्धत वापरली, तर एका दुबार मतामागे सुमारे ३०० वैध मतदारांच्या नोंदी पुसल्या जातील. पण त्याच देशात २०१२ मध्ये सात राज्यांनी मिळून एरिक ही दुसरी व्यवस्था उभी केली. तिच्यात वाहन परवान्यांच्या नोंदीही जुळवल्या जातात आणि जे पात्र असून यादीत नाहीत त्यांना नोंदणी करा असे पत्र पाठवणे सदस्य राज्यांवर बंधनकारक असते. कॅनडात १९९७ पासून मतदारांची कायम नोंदवही आहे आणि आयकर विवरणपत्रातल्या एका चौकटीत खूण केली की आपली माहिती त्या नोंदवहीकडे जाते. जुळणी तीच, पण एकीकडे ती नाव काढायला वापरली आणि दुसरीकडे नाव घालायला. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता आणि तो तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेला होता. आपण तिथपर्यंत वाचले होते का?

आपल्याकडे १८ वर्षांच्या मुलांची नावे यादीत येत नाहीत, कारण नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, भरायला त्यांना कोणी सांगत नाही. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे १८ वर्षे पूर्ण झाली की नाही हे ज्यांवरून ठरते त्या तारखा, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. परीक्षा मंडळाकडे दहावीला बसलेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख आहे. त्यावरून त्या मुलाला एक संदेश गेला, तर यात कोणत्या गरिबाचे नाव कोण खाते, ते कृपया सांगावे.

तेलंगण मी विसरलेलो नाही. मार्च २०१५ मध्ये आयोगाने यादी शुद्धीकरणासाठी आधार जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०१५ च्या अंतरिम आदेशानंतर तो थांबवावा लागला, आणि डिसेंबर २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत तेलंगणात अनेकांना आपली नावे सापडली नाहीत, तेव्हा तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी माफी मागितली. हे सारे मला पाठ आहे. लेखात लिहिले नाही, कारण लेख मुंबईविषयी होता. ‘सोयीस्करपणे’ हा शब्द मात्र हेतूवर बोट ठेवतो. माझा हेतू आपल्याला कुठे दिसला?

आणि मुंबईचीच आठवण काढायची, तर आपण ती काढली नाहीत म्हणून मी काढतो. १९९४ मध्ये या शहरातल्या अनेक मतदारांना नागरिकत्व सिद्ध करण्याच्या नोटिसा गेल्या होत्या. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते रीतसर प्रक्रियेनेच आले असे गृहीत धरावे, आणि त्याला खरी सुनावणी द्यावी. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २२सुद्धा स्थलांतराच्या कारणाने नाव काढण्याआधी म्हणणे मांडायची संधी देते. मृत्यूच्या बाबतीत ती अट नाही, आणि मला चिंता वाटते ती इथे. १ मे २०२५ रोजी आयोगाने जाहीर केले की मृत्युनोंदींची माहिती यापुढे थेट संगणकावरून मिळेल आणि बीएलओ घरी जाऊन खात्री करतील. यातले दुसरे अर्धे वाक्य गळता कामा नये. यंत्राने दाराचा क्रमांक सांगावा. कडी मात्र माणसानेच वाजवावी.

२०२५ च्या नोव्हेंबरात राज्य निवडणूक आयोगाने मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत सुमारे ११ लाख नोंदी संभाव्य दुबार म्हणून दाखवल्या, तेव्हाही मी हेच म्हणत होतो की ‘संभाव्य’ हा शब्द कोणी विसरू नये.

खासगीपणाचा प्रश्न मोठा आहे, पण एका ओळीत विचारलेल्या प्रश्नाला मी एका ओळीतच उत्तर देतो: परीक्षा मंडळाकडून जन्मतारीख आणि पत्ता यांपलीकडे काही मागण्याचे कारण नाही.

नमुना ६ब विषयीचे वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे आणि ती चूक एका वाचकाने दाखवली असे तिथे लिहिले आहे. बाकी लेख आहे तसाच ठेवतो आहे.