रात्री नऊचं नेट

नाशकात रात्री नऊला दोन गोष्टी हमखास तुंबतात: द्वारका चौक आणि घरातलं नेट. चौकातल्या पोलिसाला कुणी ‘जरा बंद करून चालू करा’ म्हणत नाही. राउटरवर मात्र हा प्रयोग घरोघरी, रोज.

मुळात घरात आलेली फायबर आपल्या एकट्याची नसते. केबलवाल्याकडच्या मुख्य फायबर यंत्राच्या (ओएलटी) एका जीपॉन पोर्टमधून, म्हणजे अनेक घरांच्या सामायिक फायबर-तोंडातून, साधारण 2.5 जीबीपीएस (2,500 एमबीपीएस) निघतात आणि प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरमधून 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. चौसष्टही घरांनी एकदम ओढलं, तर वाट्याला जेमतेम 39 एमबीपीएस. तरी प्रत्येकाला 100चा प्लॅन विकलेला असतो, कारण शेजारी नेट वापरणार नाही यावर धंद्याची भिस्त. सकाळी अकराला शेजारी भिस्त सांभाळतात. आयपीएलच्या रात्री सिडकोतली अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसते, आणि 4के चित्राला एका टीव्हीमागे 15 ते 25 एमबीपीएस लागतात.

पोर्ट भरला तर निम्मी घरं दुसऱ्या पोर्टवर टाकता येतात. पण बऱ्याचदा गळा आवळतो तो पुढे, केबलवाला वरून जी बँडविड्थ विकत घेतो तिथे. ती वाढवायची तर दरमहा पैसे मोजावे लागतात, आणि आपण तर पन्नास रुपये वाढले की कनेक्शन बदलतो! लोकप्रिय व्हिडिओ बहुधा त्याच्या जवळच्या कॅश सर्व्हरवरून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतींमधून येतात; ऑफिसच्या कामाला मात्र ती विकतची बँडविड्थच लागते. म्हणून यूट्यूब झकास आणि ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन रडतंय, असा चमत्कार घडतो. बॉसला हे पटवणं माझ्या मते फायबर जोडण्यापेक्षा अवघड.

भांडायच्या आधी लॅपटॉपला लॅनची वायर लावावी आणि सकाळी सात व रात्री साडेनऊला स्पीड मोजावा. सकाळी 98, रात्री 20 आला तर गर्दी वर आहे. राउटरला छळू नये. वायरवर ठीक पण वायफायवर रडगाणं असेल, तर राउटर चपलांच्या कपाटातून बाहेर काढावा. 300च्या प्लॅनवर आकडा 94-95लाच अडला, तर पोर्ट जुना आहे किंवा लॅन वायरच्या चारपैकी एखादी जोडी तुटली आहे. फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाही: सिंहस्थाच्या कामांचा जेसीबी, नाहीतर पडद्याच्या खिळ्याला हौसेने गुंडाळलेली फायबर.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ म्हणू नये. ‘साडेनऊला लॅनवर 18, रिसीव्ह पॉवर उणे 22’ असं सांगावं. रिसीव्ह पॉवर म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद; ती उणे 27च्या खाली गेली असती तर दोष लाइनचा. उणे 22 म्हणजे लाइन ठणठणीत. पलीकडून लगेच विचारणा होते, “साहेब, तुम्ही पण लाइनमधलेच का?” आणि माणूस दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे, येतो म्हणतो.