काने तनाका आजारी पडल्या होत्या

जपानच्या काने तनाका आजींबद्दलचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: ओकिनावाच्या या आजी ११९ वर्षं जगल्या. कधी आजारी पडल्या नाहीत, साखरेला शिवल्या नाहीत, कसलं टेन्शन घेतलं नाही, शेवटपर्यंत कुणावर अवलंबून राहिल्या नाहीत. तुम्हीही असंच वागा, शंभरी गाठाल. माझ्या मावशीची केमोथेरपी चालू असताना तिला हा तीन जणांनी पाठवला. वाचून तिने विचारलं, "मग माझंच काय चुकलं गं?" म्हणून हे लिहितेय.

वय खरं आहे. जन्म २ जानेवारी १९०३, मृत्यू १९ एप्रिल २०२२. मात्र त्या ओकिनावाच्या नव्हेत, क्यूशू बेटावरच्या फुकुओकाच्या.

"कधी आजारी पडल्या नाहीत." वयाच्या १०३व्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्या तब्बल सोळा वर्षं जगल्या. मोतीबिंदूचंही ऑपरेशन झालं होतं. जपानमध्ये १९६१ पासून सर्वांना आरोग्यविमा आहे. "आता वय झालं, कशाला चिरफाड" असं म्हणून या बाईंना घरी पाठवलं नाही, ही गोष्ट मला त्यांच्या आहारापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

साखरेचं तर उलटंच आहे. चॉकलेट आणि कोला त्यांना मनापासून आवडायचे. २०१९ मध्ये जगातल्या सर्वात वयस्कर व्यक्ती म्हणून गिनेसचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा सोबत चॉकलेटचा डबा होता. तो त्यांनी तिथेच उघडला. आज किती खाणार, असं विचारल्यावर म्हणाल्या, शंभर. चॉकलेटने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पण जे पथ्य त्यांनी पाळलंच नाही, ते त्यांच्या नावावर कशाला खपवायचं?

"टेन्शन घेतलं नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. १९२२ मध्ये लग्न झालं. घरचं दुकान होतं, मोची (तांदळाची चिकट मिठाई) आणि उदोन नूडल्स विकायचं. १९३७ मध्ये नवऱ्याला सैन्यात बोलावलं आणि दुकान त्यांच्या एकटीच्या अंगावर पडलं. थोरला मुलगा युद्धात सोव्हिएत सैन्याच्या कैदेत सापडला, तो १९४७ मध्ये परतला. पोटच्या दोन मुली अगदी लहानपणी गेल्या, दत्तक घेतलेली मुलगीही तरुणपणीच गेली. एवढं सगळं सोसलेल्या बाईला निश्चिंत म्हणायचं?

आणि अवलंबून नव्हत्या? अखेरची वर्षं त्या वृद्धसेवागृहात होत्या. चालायला वॉकर लागायचा, बाहेर जायला व्हीलचेअर. पहाटे सहाला उठायच्या, गणितं सोडवायच्या, ऑथेलो हा सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळायच्या हे खरंच. पण त्यांना उठवणारे, न्हाऊ घालणारे, पटासमोर बसणारे हात तिथे होते. म्हातारपणच्या देखभालीसाठी जपानने २०००पासून वेगळा सार्वजनिक विमाच सुरू केला आहे.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर १०३व्या वर्षीच्या त्या शस्त्रक्रियेचं वाक्य त्यात घालून पाठवा.