‘हव्यात पाचशे, दिसतात अकरा’: या हिशोबात काय चुकतं

फिरत असलेला दावा थोडक्यात असा. कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) खरोखर असतं, तर आपल्या आकाशगंगेभोवती पाचशे बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिका फिरताना दिसायला हव्या होत्या; दिसतात जेमतेम अकरा. त्याही चहूकडे विखुरलेल्या नाहीत, एका ताटलीत बसवल्यासारख्या आहेत. शेजारच्या देवयानी दीर्घिकेभोवतीही तेच. म्हणजे कृष्णद्रव्य हे थोतांड, आणि खगोलशास्त्रज्ञ ही गोष्ट दाबून ठेवतात.

यातला एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तो आकड्याचा नाही.

‘दिसतात जेमतेम अकरा’

हा आकडा १९९९ सालचा आहे. २००५पासून स्लोन आणि २०१५पासून डार्क एनर्जी या आकाश-सर्वेक्षणांच्या नोंदी चाळल्यावर संख्या साठच्या वर गेली. उशीर का झाला, हे या दीर्घिका शोधायच्या कशा ते पाहिलं की कळतं. सेग्यू १ ही बटू दीर्घिका आपल्यापासून सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि तिचा एकूण प्रकाश जेमतेम तीनशे सूर्यांइतका. फोटोत ती ‘दिसत’ नाहीच. तिचे तारे पुढच्या-मागच्या ताऱ्यांत विरघळून गेलेले असतात.

म्हणून लाखो ताऱ्यांचे रंग आणि प्रती (तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधुक) घेतात. एक अंतर गृहीत धरून, त्या अंतरावरचे जुने, धातू कमी असलेले तारे रंग-प्रत आलेखावर ज्या वक्रावर पडतील तेवढेच तारे निवडतात, त्यांच्या घनतेचा नकाशा काढतात आणि कुठे गर्दी जास्त आहे ते बघतात. मग अंतर बदलून पुन्हा तेच. फसगत होते ती २३व्या-२४व्या प्रतीच्या पुढे. तिथे अतिदूरच्या दीर्घिका ठिपक्यासारख्या दिसून ताऱ्यांत मिसळतात, आणि दूरचा एखादा दीर्घिकासमूह बटू दीर्घिकेचं सोंग घेतो.

त्यात अंतराचा फटका मोठा. समजा, एखाद्या सर्वेक्षणाला सेग्यू १सारखी दीर्घिका एक लाख प्रकाशवर्षांपर्यंतच ओळखता येते, आणि आकाशगंगेचा प्रभाव आठ लाखांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे तपासलेलं घनफळ पाचशे बारात एक भाग. या दीर्घिका केंद्राकडे जास्त दाटलेल्या असल्याने सरळ पाचशे बाराने गुणणं चूक ठरेल. पण न गुणता ‘एवढ्याच आहेत’ म्हणणं त्याहून मोठी चूक. शिवाय स्लोनने आकाशाचा काही भागच पाहिला, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या धुळीपलीकडचं कुणालाच नीट दिसत नाही.

‘सिद्धांत पाचशे दीर्घिका सांगतो’

नाही. पाचशेचा आकडा ज्यांतून आला त्या १९९९च्या संगणकी प्रतिरूपांत फक्त कृष्णद्रव्य होतं. वायू नव्हता, तारे नव्हते. त्यांनी मोजले ते कृष्णद्रव्याचे लहान गोळे. प्रत्येक गोळ्यात तारे पेटतीलच असं नाही. पहिल्या अब्ज वर्षांत आद्य ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी विश्वातला हायड्रोजन तापून सुमारे दहा हजार केल्विनवर गेला. ज्या गोळ्यातला परिभ्रमणवेग सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या खाली, त्याला इतका तापलेला वायू धरून ठेवता येत नाही. तो गोळा अंधारातच राहतो. याचा माग ताऱ्यांच्या वयात सापडतो: हबलने तपासलेल्या सहा अतिमंद (अतिशय अंधुक) बटू दीर्घिकांतले बहुतेक तारे बारा अब्ज वर्षांहून जुने आहेत. दुकान उघडलं आणि लगेच बंद झालं.

दुसरी वजाबाकी खुद्द आकाशगंगेची. तिच्या तबकडीजवळून जाणारे गोळे तिच्या गुरुत्वाने फाटतात. फक्त कृष्णद्रव्याच्या प्रतिरूपात तबकडीच नसल्याने तिथे ते शाबूत राहतात आणि आकडा फुगतो.

‘कृष्णद्रव्याचा पुरावाच नाही’

गंमत अशी, की सगळ्यात ठसठशीत पुराव्यांपैकी एक याच बटू दीर्घिकांत आहे. कालेय तारकासमूहातली ड्रॅको ही बटू दीर्घिका घ्या. तिच्या ताऱ्यांच्या वेगांचा विखुरलेपणा सेकंदाला सुमारे ९ किलोमीटर, अर्धा प्रकाश सामावणारी त्रिज्या सुमारे २२० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं). वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या गुणिले ९३०, म्हणजे त्या त्रिज्येच्या आसपासचं वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळतं: ८१ × २२० × ९३०, साधारण १ कोटी ६६ लाख. त्यातला प्रकाश सुमारे दीड लाख सूर्यांचा. वस्तुमान आणि प्रकाश यांचं गुणोत्तर शंभराच्या वर, आणि नुसते जुने तारे असते तर ते दोनच्या आसपास हवं.

हे वेग येतात वर्णपटातल्या ८५० ते ८६६ नॅनोमीटरमधल्या कॅल्शियमच्या तीन रेषांवरून, एक-दोन किलोमीटरच्या अचूकतेने. इथे एक खरी अडचण आहे. जोडतारे एकमेकांभोवती फिरताना स्वतःचा वेग मिसळतात. विखुरलेपणा ३ किलोमीटरच असेल तर त्यातला बराच भाग जोडताऱ्यांचा निघू शकतो, म्हणून वर्षाभराने तेच तारे पुन्हा मोजावे लागतात. अतिमंद दीर्घिकांच्या एखाद्याच मोजणीवर विसंबू नये ते यामुळे. पण ड्रॅकोचे ९ किलोमीटर जोडताऱ्यांवर ढकलता येत नाहीत. आकाशगंगेने ओरबाडल्यामुळे वेग वाढले म्हणावं, तर धनूतल्या बटू दीर्घिकेसारख्या ताणलेल्या शेपट्या ड्रॅकोला दिसत नाहीत.

‘सगळ्या एका ताटलीत’

वजनदार मुद्दा तो हा. खगोलशास्त्रज्ञ लिंडन-बेल यांनी १९७६ मध्येच तो मांडला होता, आणि नियतकालिकात छापून. ‘दाबून ठेवतात’ या आरोपाला एवढं उत्तर पुरे. देवयानीभोवती २०१३ साली २७पैकी १५ दीर्घिका पातळ प्रतलात आढळल्या, आणि त्या १५पैकी १३ एकाच दिशेने फिरत असल्यासारख्या.

‘असल्यासारख्या’ म्हणण्याचं कारण आहे. आपल्याला सहज मिळतो तो आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग. आडवी गती मोजायची, तर पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर सेकंदाला १०० किलोमीटर म्हणजे वर्षाला विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) दहा लाख भागांपैकी २७ भाग. मोजक्याच दीर्घिकांसाठी ते झालं आहे. देवयानीभोवतीच्या एनजीसी १४७ आणि १८५ यांच्या बाबतीत हबलचं उत्तर प्रतलाशी जुळतं, हेही सांगितलं पाहिजे.

आकाशगंगेच्या बाबतीत गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांनी चित्र बदललं. २०२२च्या एका विश्लेषणात जुन्या अकरांची ताटली क्षणभंगुर निघाली: तिचा चपटेपणा मुख्यतः दूरच्या लिओ १ आणि लिओ २ या बटू दीर्घिकांच्या सध्याच्या जागांमुळे आहे आणि काही दशकोटी वर्षांत तो विसकटेल. शिवाय मोठा मॅजेलनी मेघ (आकाशगंगेची सर्वांत मोठी सोबती दीर्घिका) बहुधा पहिल्यांदाच जवळ येतो आहे, स्वतःच्या लहान दीर्घिकांचं बिऱ्हाड बरोबर घेऊन. एकत्र आलेले एका वाटेने चालतात यात नवल नाही. यावर सगळ्यांचं एकमत नाही, आणि देवयानीचा प्रश्न तर उघडाच आहे. पण उघडा प्रश्न म्हणजे निकाल नव्हे.

‘गुरुत्वाचा नियम बदला, सगळं सुटतं’

क्रेटर २ या बटू दीर्घिकेच्या बाबतीत सुधारित गुरुत्वाने (कृष्णद्रव्याऐवजी गुरुत्वाचा नियमच बदलणाऱ्या सूत्राने) वेगांचा विखुरलेपणा मोजणीच्या आधी सेकंदाला २.१ किलोमीटर सांगितला, निघाला २.७, याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र ड्रॅकोपाशी तेच सूत्र अडतं, आणि तिच्या ताऱ्यांना न शोभणारं वस्तुमान मागतं.