जेसी ओवेन्स, हिटलर आणि न मिळवलेला हात

दर ऑलिंपिकच्या आसपास, आणि अधूनमधून उगाचच, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत येतो. या वेळी तो धाकट्या काकांनी टाकला. मजकूर साधारण असा: १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलरला आर्यवंशाचं श्रेष्ठत्व जगाला दाखवायचं होतं. पण जेसी ओवेन्स नावाच्या कुणालाही ठाऊक नसलेल्या गरीब कृष्णवर्णीय मुलाने त्याच्या नाकावर टिच्चून चार सुवर्णपदकं जिंकली. संतापलेल्या हिटलरने हात मिळवायला नकार दिला आणि तो स्टेडियममधून तरातरा निघून गेला. लांब उडीत ओवेन्स बाद व्हायच्या बेतात असताना लुट्झ लाँग या जर्मन खेळाडूनेच त्याला युक्ती सांगितली. ओवेन्स मायदेशी परतला तेव्हा अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं, आणि नाझींच्या वंशवादाचा फुगा त्या एका आठवड्यात फुटला. खाली हात जोडलेले, एक तिरंगा (का, देव जाणे) आणि 'शेवटपर्यंत वाचा'.

शेवटपर्यंत वाचलं. चार पदकं खरी आहेत. ३ ऑगस्टला १०० मीटर, १०.३ सेकंद. ४ तारखेला लांब उडी, ८.०६ मीटर. ५ तारखेला २०० मीटर, २०.७ सेकंद. आणि ९ तारखेला ४ बाय १०० रिले, ३९.८ सेकंद, विश्वविक्रम. गरिबीही खरी. अलाबामातल्या ओकव्हिलमध्ये वाट्याने शेती कसणाऱ्या बापाचं हे दहावं आणि शेवटचं पोर, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. बाकीचं मात्र एकेक करून बघावं लागेल.

आधी तो हात. ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सचा पहिला दिवस २ ऑगस्ट. त्या दिवशी हिटलरने काही विजेत्यांना आपल्या कक्षात बोलावून अभिनंदन केलं: गोळाफेकीतला जर्मन हान्स व्होल्के, भालाफेकीतली जर्मन टिली फ्लायशर, १० हजार मीटरमधले फिनलंडचे धावपटू. संध्याकाळी उंच उडी संपली. जिंकला कॉर्नेलियस जॉन्सन, दुसरा आला डेव्ह अल्ब्रिटन. दोघेही कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यांच्या पदकसमारंभाआधीच हिटलर निघून गेलेला होता. जाण्याची वेळ आधीच ठरलेली होती, असं नंतर सांगण्यात आलं. ज्याला पटेल त्याने पटवून घ्यावं. यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांनी हिटलरला कळवलं की यजमान म्हणून अभिनंदन करायचं तर सगळ्यांचं करा, नाहीतर कुणाचंच नको. हिटलरने 'कुणाचंच नको' निवडलं, निदान चारचौघांत तरी.

ओवेन्सचं पहिलं पदक ३ तारखेचं, म्हणजे हे ठरल्यानंतरचं. त्याच्यासाठी वेगळा असा कुठला हात मागे घेतलेला नाही. उलट त्या दिवसांत ओवेन्सने पत्रकारांना सांगितलं होतं की मी समोरून जाताना हिटलर उभा राहिला, त्याने हात हलवला, मीही हलवला. अपमान झालाच असेल तर तो कॉर्नेलियस जॉन्सनचा. पण त्याचं एकच पदक, आणि गोष्टीला नायक चार पदकांचा लागतो. त्यामुळे जॉन्सन फॉरवर्डमधून साफ गायब.

इथवर लिहिलं तेव्हाच ग्रुपवर एकाने विचारलं, 'म्हणजे तू हिटलरची बाजू घेतोयस?' छे. हिटलरचाच मंत्री आल्बर्ट श्पेअर याने आठवणींत लिहून ठेवलं आहे की ओवेन्सच्या विजयांनी हिटलर चांगलाच वैतागला होता, आणि त्यावर तो जे बोलला ते वंशद्वेषाने बरबटलेलंच होतं. माणूस वाईट होता म्हणून त्याच्या नावावर न घडलेला प्रसंग चढवायची गरज नाही. खरे घडलेले पुरेसे आहेत. ग्रेटेल बर्गमान या ज्यू उंच उडीपटूने ऑलिंपिकच्या महिनाभर आधी १.६० मीटर उडी मारून जर्मन राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली होती, तरी तिला संघाबाहेर ठेवलं. तिच्यावर कधी फॉरवर्ड आलेला आठवतो?

'कुणालाही ठाऊक नसलेला मुलगा' हे तर निव्वळ मसाला घालण्यासाठी. बर्लिनला पोचला तेव्हा ओवेन्स लांब उडीचा विश्वविक्रमवीर होता आणि पोरं सहीसाठी त्याच्यामागे धावत होती. खरं सांगायचं तर त्याचा सगळ्यात मोठा दिवस बर्लिनचा नव्हेच. तो २५ मे १९३५, मिशिगनमधलं ॲन आर्बर, विद्यापीठांची स्पर्धा. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्याने पाठ धरलेली, वाकताही येत नव्हतं. प्रशिक्षक लॅरी स्नायडर त्याला उतरवायला तयार नव्हते. हा म्हणाला, एक शर्यत पळून बघतो. १०० यार्ड ९.४ सेकंद, विश्वविक्रमाशी बरोबरी. मग लांब उडीच्या खड्ड्याकडे, आणि तिथे एकच उडी: ८.१३ मीटर. जपानच्या चुहेई नांबूचा ७.९८ मीटरचा विक्रम गेला. आठ मीटरच्या पलीकडे उतरलेला हा पहिला माणूस. मग २२० यार्ड २०.३ सेकंदात आणि २२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत २२.६ सेकंदात. पहिल्या शर्यतीपासून शेवटच्यापर्यंत पाऊण तास! दुपारच्या चहाला आपल्याकडे याहून जास्त वेळ जातो. ती लांब उडी १९६० पर्यंत, रॅल्फ बॉस्टन येईपर्यंत, पंचवीस वर्षं कुणाला मोडता आली नाही.

फॉरवर्डच्या एका आवृत्तीत 'आदिदासचे बूट घालून' असंही असतं. आदिदास ही कंपनी १९४९ची. बर्लिनमध्ये ओवेन्सने वापरलेले स्पाइक्स डासलर बंधूंच्या कारखान्यातले. ते भाऊ पुढे भांडले आणि त्यातल्या आडीने आदिदास काढली, रुडॉल्फने प्यूमा. बुटांपेक्षा मला कायम त्या ट्रॅकचं अप्रूप वाटतं. जळक्या कोळशाच्या चुरीचा ट्रॅक. स्टार्टिंग ब्लॉक नाहीत. शर्यतीआधी प्रत्येकजण खुरप्यासारखं छोटं हत्यार घेऊन गुडघ्यावर बसतो आणि पावलं रोवायला स्वतःचे दोन खड्डे स्वतः खणतो. पुढचा किती मागे, मागचा किती खोल, हे ज्याचं त्याला ठाऊक. आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही टाचेने उकरायचो, आणि आधीच्या गटातल्या पोराच्या खड्ड्यात पाय गेला की सुरुवातीलाच तोल जायचा. त्या तसल्या जमिनीवरचे हे १०.३ सेकंद आहेत.

आता लुट्झ लाँग. हा भाग मोडताना मलाही वाईट वाटतं. गोष्ट अशी सांगतात: पात्रतेसाठी ७.१५ मीटर हवे होते, ओवेन्सचे दोन प्रयत्न वाया गेले, तेव्हा लाँग जवळ आला आणि म्हणाला, फळीच्या वीतभर मागूनच उडी घे, तुला सहज जमेल. ही गोष्ट कुण्या व्हॉट्सॲपवाल्याने रचलेली नाही. स्वतः ओवेन्सनेच ती वर्षानुवर्षं भाषणांतून सांगितली. पण त्या दिवशी पत्रकार ग्रँटलंड राइस दुर्बीण लावून ओवेन्सकडेच बघत होता, आणि त्याला लाँग येऊन बोलताना दिसला नाही. पुढे ॲथलेटिक्सचे अभ्यासक टॉम एकर यांनी थेट विचारलं तेव्हा ओवेन्सने मान्य केलं की लाँगची आणि आपली भेट स्पर्धा संपल्यावरच झाली; लोकांना अशी गोष्ट ऐकायला आवडते, म्हणून सांगतो.

मला यात लबाडी दिसत नाही. भाषणांवर पोट असलेल्या माणसाने श्रोत्यांना हवं ते दिलं. पण त्या पायी खरी गोष्ट झाकली गेली, आणि ती काही कमी नाही. अंतिम फेरीत ओवेन्स ७.८७ वर होता. पाचव्या उडीत लाँगने नेमकी ७.८७ गाठली. घरचं मैदान, घरचा खेळाडू, स्टेडियम डोक्यावर. ओवेन्सने उत्तर दिलं ७.९४. आणि शेवटच्या उडीत ८.०६. तो वाळूतून बाहेर येतो तोवर त्याचं अभिनंदन करणारा पहिला माणूस लाँग. मग दोघं हातात हात घालून सगळ्यांसमोरून चालले. गवतावर शेजारी शेजारी पालथे पडून गप्पा मारतानाचा त्यांचा फोटो आजही मिळतो. हिटलर स्टेडियममध्ये असताना एका जर्मनाने हे करायला युक्तीबिक्ती सांगण्यापेक्षा जास्त धमक लागते. लाँग १९४३च्या जुलैमध्ये सिसिलीच्या लढाईत जखमी होऊन गेला. पुढे ओवेन्सने त्याच्या मुलाशीही ओळख ठेवली.

'अमेरिकेने डोक्यावर घेतलं' हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं. न्यूयॉर्कमध्ये कागदाच्या कपट्यांची उधळण करत मिरवणूक निघाली, हे खरं. त्याच शहरातल्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात त्याच्याच सत्काराला जाताना त्याला मालाच्या लिफ्टने वर जावं लागलं, हेही तितकंच खरं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ना व्हाइट हाउसला बोलावलं, ना साधी तार केली. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांची मतं हवी होती. माझ्या मते याहून खोल कारण शोधायला नको. ओवेन्स त्या ऑक्टोबरात विरोधी उमेदवार अल्फ लँडनच्या प्रचारात स्वच्छ बोलला की मला हिटलरने नाही, आपल्या राष्ट्राध्यक्षांनी डावललं. ज्याच्या अपमानाची गोष्ट आपण फिरवतो तो स्वतः हे सांगत होता. बर्लिनला गेलेल्या अठरा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या घरच्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं ते ओबामांनी, २०१६ साली.

ऑलिंपिकनंतर लगेच अमेरिकन ॲथलेटिक संघटनेने खर्च भरून काढायला या पोरांना युरोपभर पळवलं. आज कोलोन, उद्या प्राग, परवा लंडन. ओवेन्स थकला, स्वीडनला जायला नाही म्हणाला आणि घरी आला. संघटनेने त्याला निलंबित केलं. चार सुवर्णपदकं जिंकल्याला महिनाही झाला नव्हता, वय तेवीसही पूर्ण नाही, आणि हौशी खेळाडू म्हणून कारकीर्द खलास.

हे वाचून एका चुलतभावाने लिहिलं, 'पण तो घोड्यापेक्षा जोरात पळायचा ना?' तेही बघू. १९३६च्या डिसेंबरात हवानामध्ये ओवेन्स एका घोड्याशी १०० यार्ड पळाला आणि जिंकला. त्याला ४० यार्डांची सवलत होती. पुढेही असे खेळ झाले. त्यातली मेख त्यानेच सांगितली आहे: बिथरणारा जातिवंत घोडा निवडायचा, बंदुकीचा बार त्याच्या कानाजवळ काढायचा. तो सावरेपर्यंत माणूस पुढे निघालेला. ऑलिंपिकवीराने असं करावं का, असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, चार सुवर्णपदकं आहेत, पण ती खाता येत नाहीत ना. मध्येच लाँड्रीचा धंदा काढला, तोही १९३९ साली बुडाला.

राहिला वंशवादाचा फुगा. पदकतक्त्यात बर्लिनला पहिलं कोण आलं? जर्मनी, ८९ पदकं, त्यातली ३३ सुवर्ण. अमेरिका दुसरी, ५६. नाझींनी सोहळा झोकात पार पाडला आणि पाहुणे खूश होऊन गेले. त्याच सुमारास अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तिथे कबड्डी दाखवायला गेलं होतं. हिटलर हरला असं तेव्हा निदान त्याला तरी वाटलेलं नव्हतं.

आणि ते चौथं पदक. फॉरवर्डमध्ये चारातलं एक म्हणून मोजतात आणि पुढे जातात. रिलेच्या संघात मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर ही दोन पोरं ठरलेली होती. रिलेच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी सकाळी त्यांना काढून ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ यांना घेतलं. सबब अशी की जर्मनांनी वेगवान धावपटू लपवून ठेवलेत. ग्लिकमन पुढे सांगायचा की ओवेन्स बैठकीत म्हणाला होता, माझी तीन पदकं झालीत, यांना पळू द्या. त्याला गप्प बसवलं गेलं. अमेरिका ३९.८, दुसरी इटली ४१.१, जर्मनी तिसरी. लपवलेलं कुणी नव्हतंच. ग्लिकमन आणि स्टोलर दोघेही ज्यू. तो निर्णय अमेरिकन प्रशिक्षकांचा. ग्लिकमनचा संशय अमेरिकन ऑलिंपिक समितीचे प्रमुख अ‍ॅव्हरी ब्रंडेज यांच्यावरही होता.

काकांचा रात्री फोन आला. 'अरे, चांगली गोष्ट होती, कशाला खुसपट काढतोस?' मी म्हटलं, १९५५ साली अमेरिकन सरकारने ओवेन्सला सदिच्छादूत म्हणून भारतात पाठवलं होतं, माहीत आहे? आपल्या पोरांना धावायला शिकवायला, आणि अमेरिका किती चांगली आहे हे सांगायला. काका जरा थांबले. मग म्हणाले, 'तो गवतावरचा फोटो आहे का तुझ्याकडे? तो टाक.'

टाकला.