ऑन्त्रेची एन्ट्री

गेल्या शनिवारी न्यू जर्सीत लेकीला आणि तिच्या सासऱ्यांना जेवायला नेलं आणि ऐटीत तीन ऑन्त्रे मागवले. आमच्या मेलबर्नला ऑन्त्रे म्हणजे सुरुवातीचा चार घासांचा पदार्थ. "मेन नंतर सांगतो," म्हटल्यावर वेटरने रिकाम्या खुर्च्या मोजल्या. "अजून कोणी येणार आहे का?"

मग आल्या तीन पराती. एकीत वांगी चीजखाली गुदमरलेली. लेकीने मान फोनमध्ये खुपसली. व्याही हसले.

व्याही चाळीस वर्षं अमेरिकेत आहेत. तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायचे, आणि ते आजतागायत कुणाला विसरू देत नाहीत.

"भाऊसाहेब, इथे ऑन्त्रे म्हणजेच मेन."

"अहो, पण फ्रेंचमध्ये ऑन्त्रे म्हणजे प्रवेश! फ्रान्समध्ये आजही आधी ऑन्त्रे येतो."

"प्रवेश! आता मला सांगा, संगीत नाटकात नायकाची एन्ट्री कधी? आधी नांदी. हे सूप. मग सूत्रधार आणि नटी. हे सॅलड. आणि मग..." नॅपकिनचं उपरणं खांद्यावर टाकून व्याही चक्क उभे राहिले, काट्याने वांग्याकडे बोट केलं, "...नायक!" शेजारच्या टेबलावरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाकून त्या स्वीकारल्या.

मुलीकडचे आम्ही. बोलणार काय?

रात्री झोप येईना, म्हणून शब्दाची कुंडली काढली. इंग्रजीत हा ऑन्त्रे १७२४ साली ऑपेरा-बॅलेच्या आरंभीच्या तुकड्यासाठी आला. ताटात पडला १७५९ मध्ये. म्हणजे नाटक आधी, जेवण नंतर! माणूस निम्मा बरोबर निघाला, याचाच जास्त संताप. पुढच्या काळात मोठ्या मेजवान्यांत मासळी झाली की ऑन्त्रे यायचा आणि त्यानंतर भाजलेल्या मांसाचा मोठा मान असायचा. जेवणं आखडली, तो मानकरी गेला आणि अमेरिकेत त्याच्या पाटावर ऑन्त्रे बसला. मालक गेल्यावर भाडेकरूने वाडा बळकावला, दारावरची पाटी तेवढी बदलली नाही. आणि आमच्यासारख्यांनी पाटी वाचून आत शिरायचं!

हे सगळं सकाळी व्याह्यांना फोन करून सांगणार होतो. लेक म्हणाली, "बाबा, प्लीज."

बिल मी भरलं. मागवलं मीच होतं ना! उरलेल्याचे पाच डबे झाले. "तुम्ही परवा निघणार, कशाला ओझं?" म्हणत व्याही चार डबे घेऊन गेले. नायक तेवढा आमच्याकडे ठेवला. तोच आज तिसऱ्यांदा गरम करतोय.