गाडी दिली तेव्हा दिवा बंद होता, एवढं तरी मान्य करा!

गाडी सर्व्हिसिंगला सोडली तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि वॉशिंग, बस्स. संध्याकाळी चकचकीत गाडी ताब्यात मिळाली आणि चांदणी चौक यायच्या आत मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा! फोन केला तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा पहिला प्रश्न काय? "मॅडम, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता?"

अरे बाबा, सकाळी टाकीत जे पेट्रोल होतं तेच आत्ताही आहे. मधल्या वेळात गाडीला लागले ते फक्त तुमचे हात. पण नाही, चोर तो चोर, वर शिरजोर.

परत गेले. एका पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, दोन बटणं दाबली, दिवा गायब. "फॉल्ट इरेज केलाय, आता नाही येणार." कोड कुठला होता, विचारलं. "जनरल असतो मॅडम."

जनरल? नेमकं कुठे दुखतंय हे सांगायलाच तर तो कोड असतो! शिवाय कोड पुसला की, बिघाड पकडला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) किती होते, तापमान किती, वेग किती, ही कॉम्प्युटरने जपून ठेवलेली नोंदही पुसली जाते. म्हणजे पेशंटचा रिपोर्ट फाडायचा आणि म्हणायचं, झालात बरे.

दिवा परत लागला, अर्थातच. मग नवीन कहाण्या सुरू. थ्रॉटल बॉडी साफ करावी लागेल. इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं ना मॅडम, सेन्सर गेला असेल, मागवावा लागेल. एस्टिमेट हातात, वर अठरा टक्के जीएसटी. बॉनेट उघडून बघितलंय कोणी? नाही. आणि यावर कडी म्हणजे, "घरी साहेब असतील तर त्यांना समजावून सांगतो." गाडी माझ्या नावावर, बिल मी भरते आणि समजावणार साहेबांना! साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही माहीत नाही.

डोक्यात अशी तिडीक गेली की ऑनलाइन एक साधा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र, मागवला. तो लावला, मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. कोड पी०११३. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर. आणि लाइव्ह डेटात त्या हवेचं तापमान दिसत होतं उणे चाळीस अंश. पुण्यात. मे महिन्यात. माझ्या कपाळावरून घाम ओघळतोय आणि गाडीला वाटतंय आपण सियाचीनला उभे आहोत.

यात काही गूढ नाही. हवा जितकी थंड तितका या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. वायरच सुटली की रोध अमर्याद, आणि कॉम्प्युटर बिचारा समजतो की कडाक्याची थंडी पडलीय. बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच सेन्सर, आणि त्याचा कनेक्टर शेजारी नुसता लोंबतोय. डब्याची एक क्लिपही उघडीच, म्हणजे फटीतून धूळ थेट आत. कनेक्टर दाबला, टक् आवाज झाला. इग्निशन चालू करून बघितलं तर आकडा उणे चाळीसवरून एकदम पन्नाशीच्या आसपास. यासाठी हे लोक मला नवा सेन्सर विकणार होते!

सर्व्हिसिंगनंतर लगेच दिवा लागला तर आधी काय बघायचं, याला काय रॉकेट सायन्स लागतं? जिथे हात घातला होता तिथे बघा. फिल्टरचा डबा, कनेक्टर, हवेच्या पाइपाचा क्लॅम्प, डिपस्टिक नीट बसलीय का, ऑइलचं झाकण घट्ट आहे का. टॉर्च घेऊन पाच मिनिटांचं काम. फिल्टर बदलणाऱ्या पोरावर माझा फारसा राग नाही, त्याच्यामागे पुढची गाडी उभीच असते. राग आहे तो काचेच्या केबिनमध्ये बसून न बघता एस्टिमेट फाडणाऱ्यांवर. दिव्यात त्यांना बिघाड दिसतच नाही, बिल दिसतं.

आणि एक साधी गोष्ट यांनी सांगितली नाही, जी गाडी देतानाच सांगायला हवी. दिवा स्थिर असेल तर बहुतेक वेळा सावकाश घरी जाता येतं, मात्र लवकर तपासून घ्यायचा. लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून खराब होऊ शकतो. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची. मी त्या संध्याकाळी हायवेवर जीव मुठीत धरून चालवत होते, आणि फोनवरचा माणूस पंपाचं नाव विचारत होता.

मग फीडबॅकचा फोन. त्याआधी अ‍ॅडव्हायझरचा मेसेज, "मॅडम प्लीज दहापैकी दहा द्या." एक दिला. लगेच मॅनेजर हजर, पुढच्या वेळी लेबरवर सूट देतो म्हणे. सूट कसली देताय, आधी क्लिपा लावायला शिका!