तिसऱ्या फोटोतलं झुरळ आमचं नाही, पण जाळी आमचीच होती

नमस्कार ताई,

आधी एक महत्त्वाचं. टबमध्ये उरलेले डुबिया, म्हणजे आमच्याकडून नेलेली खाद्याची झुरळं, तुमच्या अरोवाना माशाला घालू नका, एकही नाही. कारण खाली येतंच.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. 150 डुबिया घेतले, बारा दिवसांत शंभराच्या वर मेले, 'रोगट माल विकतात', आणि फोन केला तर दुकानातला मुलगा हसला. तो हसायला नको होता. झुरळं मेली म्हणून आपल्याकडे कुणी तक्रार करत नाही, मरत नाहीत म्हणून करतात, त्यामुळे त्याला गंमत वाटली असणार. पण तुम्ही पैसे मोजले होते. माफ करा.

आता मालाचं. तुमचे डुबिया ज्या टबमधून काढले त्याच टबमधले चारशेक अजून फोंड्याला आमच्याकडे आहेत. रिव्ह्यू वाचल्यावर त्यांना लपायला ठेवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकेक करून झटकले. मेलेले सात निघाले, सातही पंखवाले म्हातारे नर. तेवढे वयाने जातातच. त्याच आठवड्यात आणखी दोघांनी त्याच टबमधले नेले होते, त्यांच्याकडेही सगळं ठीक आहे. रोग असता तर आधी इथेच दिसला असता, कारण दाटी इथे जास्त.

मग तुमचे फोटो मोठे करून बघत बसलो. धंद्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात माझी अख्खी कॉलनी गेली होती, तेव्हापासून मेलेलं झुरळ कसं पडलंय ते बघायची सवय लागलीय. पाणी कमी पडलं की आधी बारीक पिल्लं जातात आणि त्यांची पोटं आत ओढली जातात. तळाची विष्ठा ओली राहिली, हवा खेळली नाही, तर झाकण उघडताच अमोनिया नाकात जातो. माझी कॉलनी त्यानेच गेली. जुलैतल्या आपल्या हवेत काहीच वाळत नाही, आणि मी महिनाभर बिचाऱ्या गाजरांना दोष देत होतो! तुमच्या टबचा तळ मात्र कोरडा दिसतोय. पिल्लं, माद्या, नर सगळे एकदम उताणे, आणि व्हिडिओत दोघांचे पाय थरथरतायत. असं नसांवर चालणाऱ्या विषाने होतं. तुम्ही लिहिलेला वास नंतरचा, मेलेल्यांचा.

पण विष आलं कुठून? मच्छरचं लिक्विड त्या खोलीत लावत नाही, स्प्रे मारत नाही, गाजर सोलून देते, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मीही अडकलो होतो. मग तिसरा फोटो. उजव्या कोपऱ्यात, ट्रेच्या कडेखाली, एक लांबट, तांबूस, चकचकीत पंखांचं झुरळ आहे, मानेमागच्या ढालीला पिवळसर कड. ते डुबिया नव्हे. ते मोरीतलं, गटारातलं आपलं नेहमीचं झुरळ.

ते आत कसं शिरलं ते तुम्हीच लिहिलंय: 'टबची जाळी एका बाजूने सुटलेली होती.' आणि चवथीच्या साफसफाईत पेस्ट कंट्रोलवाले स्वयंपाकघरात जेलचे ठिपके लावून गेले, हे तुम्ही बोलता बोलता म्हणालात. त्या जेलमध्ये बहुतेक वेळा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, दोन्ही नसांवर चालणारी कीटकनाशकं. ते सावकाश मारावं अशाच बेताने केलेलं असतं. खाल्लेलं झुरळ आपल्या बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात, मग तीही जातात. तुमच्या टबमध्ये त्याला ऊब, अन्न, लपायला जागा सगळं आयतं मिळालं. आठवडाभर काही नाही, मग पाच, मग एका रात्रीत चाळीस, हे तुम्ही दिलेलं गणित त्याच्याशी जुळतं. प्रयोगशाळेत काही तपासलेलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण दुसरं काही बसत नाही. आणि फिप्रोनिल माशांनाही घातक, म्हणून ती पहिली सूचना.

तेव्हा माल रोगट नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन. जाळी मात्र आमची होती. डुबियाला गुळगुळीत प्लास्टिक चढता येत नाही, त्यामुळे जाळी आम्ही गोंदाने चिकटवायचो आणि द्यायचो. आतला बाहेर जाणार नाही ना, एवढंच बघितलं. बाहेरचा आत येईल हे इतक्या वर्षांत डोक्यात आलं नाही, आणि ते आमच्या डोक्यात यायला हवं होतं. आता बारीक स्टीलची जाळी स्क्रूने बसवून देतोय. जुने टब नेलेल्या सगळ्यांना फोन करणं चालू आहे.

तुम्हाला 150 डुबिया आणि नवा टब, पैसे नकोत. पण लगेच नको. जुने ट्रे, उरलेलं खाद्य, मेलेले आणि जिवंत, सगळं पिशवीत बांधून टाका, कुणाच्या कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नका. नवा टब स्वयंपाकघरापासून लांब, स्टुलावर ठेवा आणि पूर्वी मुंग्यांसाठी कपाटाच्या पायांखाली ठेवायचे तशा पाण्याच्या वाट्या स्टुलाच्या पायांखाली ठेवा, पाण्यात थोडा साबण घालून.

शुक्रवारी बाजाराला मी म्हापशाला असतो. आदल्या दिवशी फोन करा, टब घेऊन येतो. या वेळी फोन मीच उचलेन.